मुसोलिनी रोमला चालत नव्हे, रेल्वेने गेला!

‘मुसोलिनीने काळ्या डगलेवाल्यांची फौज घेऊन रोमवर चाल केली आणि सत्ता हिसकावली’, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ही फॅसिस्टांनीच पसरवलेली दंतकथा. २८ ऑक्टोबर १९२२ ला त्याची माणसं रोमबाहेर पावसात भिजत होती. शस्त्रं तुटपुंजी, खाण्याचे हाल. लष्कराने मनावर घेतलं असतं, तर पांगायला वेळ लागला नसता. साहेब स्वतः मात्र मिलानमध्ये!

पंतप्रधान फाक्तांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता, पण राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने ऐनवेळी सही नाकारली. खरी कलाटणी ती. मग राजाचंच बोलावणं आलं, रात्रीची गाडी पकडून मुसोलिनी ३० तारखेला सकाळी रोममध्ये उतरला आणि रीतसर पंतप्रधान झाला. ‘विजयी’ संचलन निघालं दुसऱ्या दिवशी.

संसदेत १९२१ च्या निवडणुकीतून फॅसिस्ट आले होते जेमतेम ३५, सभागृह ५३५ चं. तरी नोव्हेंबरमध्ये विश्वासमत ३०६ विरुद्ध ११६ असं मिळालं. म्हणजे हात वर करणारे बहुतेक इतर पक्षांचे, स्वतःला उदारमतवादी म्हणवणारेसुद्धा.