क्रूझवरून परत येताय? बंद घर उघडण्याविषयी थोडं

जगप्रदक्षिणेच्या लांब क्रूझ बहुतेक जानेवारीत निघतात आणि एप्रिल-मेमध्ये संपतात. तुम्ही समुद्रावर असता तेव्हा इथे घर बंद खिडक्यांनी ऐन उन्हाळा काढत असतं. नेरूळ, सीवूड्स आणि बेलापूर भागात अशी बंद घरं उघडून राहण्याजोगी करून देणं हे आमचं काम. सुरुवात मर्चंट नेव्हीतल्या कुटुंबांपासून झाली, आता निवृत्त जोडपीही बोलावतात. सगळ्यांना एकच सांगतो: घर तुमच्या आधी दोन दिवस उघडलेलं असू द्या. आम्हीच उघडलं पाहिजे असं नाही, शेजारी किंवा भाचाही चालेल.

दार उघडल्यावर आधी दिव्याचं बटण दाबू नका, वास घ्या. गॅसचा वास असेल तर बटणांना हात न लावता दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि फोन बाहेरूनच करा. वास नसेल तर पुढचं वाचा.

गटाराचा वास आला की ग्राहक घाबरून म्हणतात, पाइप फुटला. बहुतेक वेळा काहीच फुटलेलं नसतं. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच खालच्या लाइनमधली घाण हवा अडवून धरतं. कमोडच्या बाकात, बेसिन आणि सिंकखालच्या ट्रॅपमध्येही हीच युक्ती असते. काही आठवडे वापर नसला की हे पाणी आटतं, मग वास वर येतो आणि त्याच वाटेने झुरळंही. प्रत्येक जाळीत दोन-तीन तांबे पाणी ओता, फ्लश करा, खिडक्या उघड्या ठेवा. तासा-दोन तासांत वास गेला नाही, तरच प्लंबरला बोलवा. ड्राय बाल्कनीतली, वॉशिंग मशीनजवळची जाळी मात्र हमखास विसरली जाते. पुढच्या वेळी निघताना जाळीतल्या पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडा. तवंगामुळे पाणी उशिरा आटतं.

नळाचंही तसंच. मोरबे धरणातून येणारं पाणी कितीही चांगलं असलं, तरी पाइपात तीन महिने उभं राहिलेलं पाणी प्यायचं नसतं. सगळे नळ काही मिनिटं सोडून द्या. शॉवरचं तोंड बादलीत बुडवून मगच तो सुरू करा, कारण साचलेल्या पाण्यातले जंतू तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. गरम पाण्याच्या नळातून पाणी नीट येतंय ना, हे बघितल्याशिवाय गिझर लावू नका. प्युरिफायरचं फिल्टर बदलायचं की नाही, ते त्याच्या मेकॅनिकला विचारा. त्यात आम्ही पडत नाही.

फ्रिज चालू ठेवून गेला असाल, तर मधे वीज किती वेळ गेली होती कसं कळणार? निघण्याआधी वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर फ्रीझरमधलं सगळं टाकून द्या. त्यात सासूबाईंनी दिलेलं खोबरं असलं तरी.

जुलै-ऑगस्टमध्ये परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा बुरशीशी गाठ असते: चपला, पट्टे, कपाटाची मागची फळी. आम्ही कपाटं तुमच्यासमोरच उघडतो, एरवी नाही.

आता तुमच्याविषयी. बोटीवरून उतरल्यावर जमीन हलतेय असं वाटणं अगदी नेहमीचं आहे आणि ते बहुधा दोन दिवसांत थांबतं. काही आठवडे टिकलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान काढणं नको, ही आमची हात जोडून विनंती! झोपेचंही गणित बिघडलेलं असतं. बोटीवर घड्याळ बहुधा रात्रीत एखाद-दुसरा तासच सरकवतात, त्यामुळे शरीराला त्रास कळत नाही. पण एप्रिल-मेमध्ये मायामीला उतरून विमानाने आलात, तर एकदम साडेनऊ तासांचा फरक पडतो. मग पहाटे तीनला जाग येते आणि माणसं कपाटं आवरायला घेतात. वाचत पडा, आवराआवरीला मावशी आल्यावर लागा.

बॅगा पलंगावर उघडू नका. बाल्कनीत ठेवून शिवणी तपासा, ढेकूण प्रवासातूनच घरी येतात. कपडे गरम पाण्यात धुवा.

आमच्याकडून काम करून घ्यायचं असेल, तर किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आमच्या नावाने पत्र द्या, नाहीतर वॉचमन गेटवरच थांबवतो आणि त्याचं बरोबरच असतं. दागिने, रोकड आधीच लॉकरमध्ये गेलेली असावी. कुलूप उघडल्यापासून लावेपर्यंतचं चित्रण तुम्हाला पाठवतो. दर घर पाहून ठरतो. परतीचं विमान लांबलं तर लगेच मेसेज करा, म्हणजे दूध आणि भाजी एक दिवस उशिरा आणता येईल.