चाई टँकरच्या पाण्याने पडत नाही

परळला आमच्या चाळीत भाचीच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चाई दिसली आणि शेजारून निदान आलं, "टँकरच्या पाण्यातलं शिसं! झिंकच्या गोळ्या चालू करा." असं नसतं हो. चाईत शरीराच्याच संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. काही रुग्णांच्या रक्तात जस्त, म्हणजे झिंक, कमी सापडतं, हे खरं. पण म्हणून तेच कारण ठरत नाही. थॅलियम या विषारी धातूच्या बाधेने केस जातात, पण सगळ्या डोक्यावरचे. गोळ्यांचा अतिरेक मात्र अंगाशी येतो: जादा जस्ताने शरीरातलं तांबं घटतं, सेलेनियम हे खनिज जादा झालं तर केसच गळतात. भाचीच्या चाईच्या कडेला मुळाशी बारीक झालेले, उद्गारचिन्हासारखे केस होते. त्वचारोगतज्ज्ञांनी ते भिंगातून आम्हालाही दाखवले.