फॅशन खरंच ‘दुसरा सर्वांत प्रदूषणकारी’ उद्योग आहे का?

जुन्या कपड्यांतून नवं कलेक्शन रॅम्पवर आलं की निवेदनात हे वाक्य हमखास येतं: तेलानंतर जगात सर्वांत जास्त प्रदूषण फॅशन करते. गेली कित्येक वर्षं ते फिरतंय. मी स्वतःही ते बिनधास्त लिहिलं होतं, म्हणून हा खुलासा.

या दाव्यामागे कोणताही मूळ अभ्यास सापडत नाही. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या 2020च्या अहवालात 2018 सालचं फॅशनचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे 2.1 अब्ज टन, म्हणजे जगाच्या 4 टक्के धरलंय. इतर अंदाज 2 ते 10 टक्क्यांपर्यंत जातात. वीजनिर्मिती, शेती, रस्तेवाहतूक यांचा वाटा मोठा आहे. दुसरा क्रमांक कुठूनच निघत नाही.

म्हणून काळजी सोडायची? मुळीच नाही. त्याच अहवालानुसार सुमारे 70 टक्के उत्सर्जन कापड दुकानात येण्याआधीच होतं: धागा, विणकाम, रंगाई. प्रोसेसिंगमध्ये बॉयलर पेटतो, कापड गरम रंगात बुडतं, पुन्हा पुन्हा धुतलं जातं, आणि ते पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. इचलकरंजीकरांना पंचगंगेचं दुखणं वेगळं सांगायला नको, जरी त्यात शहरांचं सांडपाणीही आहे.

जुना कपडा वापरण्याचं खरं बळ इथे आहे. बेल्जियन फॅशन डिझायनर मार्टिन मार्जेलाने 1991मध्ये लष्करी मोज्यांचे स्वेटर केले. मोज्यांच्या टाचा बरोबर कोपरावर आणि छातीवर बसवल्या, तिथला फुगवटा आयता मिळाला. ना नवा धागा, ना नवी रंगाई. पण तो जुना कपडा नव्या खरेदीच्या जागी आला तरच. नव्यासोबत तोही घेतला, तर बचत काहीच नाही.