फाउंडर वेस्टिंग

फाउंडर वेस्टिंग म्हणजे कंपनी सुरू करणाऱ्यांनी आपले शेअर्स पहिल्याच दिवशी कायमचे खिशात न घालता काम करत करत पक्के करत जायचे, ही पद्धत. शेअर्स नावावर सुरुवातीपासूनच असतात, मतही देता येतं, पण मधेच सोडून गेलं तर पक्का न झालेला हिस्सा परत द्यावा लागतो, म्हणून याला रिव्हर्स वेस्टिंगपण म्हणतात.

नेहमीचा हिशोब 4 वर्षांचा, त्यात 1 वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्षाच्या आत गेलं तर काहीच नाही, वर्ष भरलं की 25 टक्के एकदम आणि उरलेले पुढचे 36 महिने थोडे थोडे. समजा दोन मित्रांनी 5,000-5,000 शेअर्स घेतले आणि एकजण दीड वर्षाने परदेशात ॲडमिशन मिळाली म्हणून निघून गेला, तर त्याचे 1,875 पक्के आणि 3,125 परत. वेस्टिंग नसेल तर तो तिकडे राहून अर्ध्या कंपनीचा मालक, इथला एकटा रात्रंदिवस राबणार, आणि साधा ठराव पास करायलापण अर्ध्याच्या वर मतं लागतात त्यामुळे त्या गेलेल्याच्या सहीशिवाय पान हलत नाही. नवीन इन्व्हेस्टर असा कॅप टेबल (कोणाकडे किती शेअर्स याचा तक्ता) बघूनच मागे फिरतो.

असं होणार नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. ॲपलचे तिसरे भागीदार रोनाल्ड वेन 1 एप्रिल 1976 ला 10 टक्के घेऊन आले आणि 12 दिवसांत 800 डॉलरला ते सोडून बाहेर पडले. 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली तेव्हा सातही जण आधी पटनी कॉम्प्युटर्समध्ये एकत्र काम केलेले, म्हणजे कोण प्रेशरमध्ये कसा वागतो हे एकमेकांना माहीत, आणि को-फाउंडर निवडताना यापेक्षा चांगली पारख नाही, तरीपण 1989 मध्ये अशोक अरोरा बाहेर पडलेच. माणूस वाईट असतो म्हणून जातो असं नाही, लग्न होतं, घरी आजारपण येतं, ईएमआय असतात. म्हणून हे बोलणं मैत्री चांगली असतानाच करावं, भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही.

भारतात यात एक मोठी गोची आहे. अमेरिकेत सोडून जाणाऱ्याचे शेअर्स कंपनीच मूळ किमतीला परत घेते, आपल्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 68 मुळे बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर्स परत विकत घेणं) फ्री रिझर्व्ह (साठवलेला नफा), सिक्युरिटीज प्रीमियम (शेअर्स दर्शनी किमतीच्या वर विकून मिळालेले जादा पैसे) किंवा वेगळ्या प्रकारचे नवे शेअर्स काढून मिळालेल्या पैशातूनच करता येतं आणि नव्या स्टार्टअपकडे बहुतेक यातलं काही नसतं. त्यामुळे ते शेअर्स उरलेल्या फाउंडर्सनी किंवा एम्प्लॉयी ट्रस्टने (कर्मचाऱ्यांसाठी शेअर्स सांभाळणारा ट्रस्ट) घ्यायचे असं लिहितात. भाव फारच कमी असेल तर घेणाऱ्यावर इन्कम टॅक्स बसू शकतो, सीएला आधी विचारलेलं बरं. आणि हे सगळं नुसतं फाउंडर्स ॲग्रीमेंटमध्ये लिहून भागत नाही, आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या अधिकृत नियमावलीतपण घ्यावं लागतं, कारण शेअर ट्रान्सफरवरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीला लागू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन केसमध्ये सांगितलंय. बरेचजण इथेच चुकतात, टेम्प्लेट डाउनलोड करून सह्या करतात आणि आर्टिकल्स तसेच राहतात.

सॉफ्टवेअरच्या कोडचंही तसंच, तो कोणाचा हे कागदावर पक्कं करावं लागतं. कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचा असतो, तो लेखी असाइन करून, म्हणजे कंपनीच्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि कॉपीराइट ॲक्ट 1957 च्या कलम 19 प्रमाणे कागदावर मुदत लिहिली नाही तर असाइनमेंट 5 वर्षांचीच धरतात, देश लिहिले नाहीत तर फक्त भारतापुरती. बाहेर पडल्यावर स्पर्धा करायची नाही ही अट 1872 च्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही, म्हणून शेअर्स आणि कोड हे दोन कागद जास्त जपावे लागतात.

वेस्टिंगने राहणाऱ्याचं रक्षण होतं तसं काढून टाकल्या जाणाऱ्याचंही झालं पाहिजे. कंपनी विकली गेली आणि नंतर फाउंडरला विनाकारण काढलं तर उरलेले शेअर्स लगेच पक्के होतील अशी अट घालतात, तिला डबल ट्रिगर म्हणतात. इन्व्हेस्टर आल्यावर तो 4 वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणायला सांगतो, तेव्हा आधी घासलेल्या दोन वर्षांचं क्रेडिट टर्म शीटवर (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) सही करायच्या आधीच मागून घ्यावं लागतं.