कॉपी ११ एमबीवरच का अडकते: ऑफिसातल्या फाईल शेअरिंगची मागची गोष्ट

कोल्हापुरातलं उद्यमनगर असू दे, शिरोली एमआयडीसी असू दे नाहीतर राजारामपुरीतला एखादा फोटो स्टुडिओ, तक्रार एकच, सर्वरवरनं फाईल घ्यायला लई वेळ लागतोय. मग कुणी नवीन स्विच घ्या म्हणतं, कुणी सर्वरची रॅम वाढवा म्हणतं, पैसे जातात आणि स्पीड तिथल्या तिथंच. मला विचाराल तर आधी हे शेअरिंग कसं घडत आलं ते बघा, कारण तुमच्या ऑफिसात आज एकाच वेळी १९८४, १९९५ आणि २०२४ चे निर्णय काम करत असतात, आणि घोडं नेमकं कुठल्या सालात पेंड खातंय ते कळलं की अर्धं काम झालं.

सुरुवात आयबीएममधून झाली. १९८३ च्या सुमाराला तिथल्या बॅरी फायगनबॉम यांनी एसएमबी प्रोटोकॉल, म्हणजे मशीननी एकमेकांकडं फाईल मागायची ठरलेली भाषा, मांडला, हेतू एवढाच की डॉसच्या मशीनला दुसऱ्या मशीनवरची फाईल स्वतःच्या डिस्कवर असल्यासारखी वापरता यावी. नंतर मायक्रोसॉफ्टनं तो उचलला, वाढवला, आणि १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून तो साध्या ऑफिसांत पोचला. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानं नेटवर्कवरनं जाणारी डेटाची पाकिटं बघून बघून तसलाच सर्वर युनिक्सवर लिहिला, तेच पुढं सांबा झालं. आज दुकानातनं आणलेल्या बहुतेक नॅस डब्यांत, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्यांत, आत सांबाच असतं. हे सगळं एका खोलीतल्या चार मशीनसाठी होतं हे मात्र डोक्यात ठेवा. मशीन सारखं सर्वरला विचारणार, फाईल आहे का, उघडू का, साईज किती, आता वाच, आता बंद कर, आणि दर वेळी उत्तराची वाट बघणार. म्हणूनच लग्नाच्या अल्बमचे हजारो छोटे जेपीजी कॉपी करताना दम निघतो आणि तेवढ्याच साईजची एकच व्हिडिओ फाईल सुसाट जाते. यात वायरचा काही दोष नसतो. त्यात अँटीव्हायरस प्रत्येक फाईल उघडून बघत असला तर मग विचारूच नका.

डेटाची पाकिटं नीट पोचवायचं काम करणाऱ्या टीसीपीतली एक जुनी भानगडपण इथंच येते. १९८४ साली जॉन नेगल यांनी छोटी छोटी पाकिटं थांबवून एकत्र पाठवायची युक्ती सुचवली, लाईनी हळू होत्या त्यामुळं ते बरोबरच होतं. दुसरीकडं पाकीट मिळाल्याची पोच लगेच न देता जरा थांबून द्यायची पद्धत आली. दोन्ही आपापल्या जागी शहाण्या, पण एकत्र आल्या की एक बाजू पोच येईना म्हणून थांबते आणि दुसरी अजून डेटा येईना म्हणून, विंडोजवर हा थांबा २०० मिलिसेकंदांपर्यंत जायचा. त्या काळी स्पीड वाढावा म्हणून लोकांनी सांबाच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, ८१९२ बाइट करायच्या ओळी टाकल्या. पुढं लिनक्स बफर स्वतःच ठरवायला लागलं, तरी त्या ओळी अजून कॉपी-पेस्ट होत फिरतायत आणि चांगल्या सर्वरचा गळा आवळतायत. दिसल्या तर काढून टाका.

आता वायर. १९९० च्या दशकात दहा मेगाबिटची कोएक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी जाड वायर, असायची, एक टी-कनेक्टर सैल झाला की सगळी लाईन बंद. १९९५ ला फास्ट इथरनेट आलं, १०० मेगाबिट, त्याला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात. १९९९ ला तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, ठरलं, त्याला चारही जोड्या लागतात. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथं. एखादी जोडी क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, तुटली तरी नेटवर्क बंद पडत नाही, बऱ्याचदा ते गुपचूप १०० वर उतरतं, कॉपी सेकंदाला ११-१२ एमबीवर अडकते, आणि लिंकचा दिवा लागलेला असल्यामुळं कुणाला शंकाच येत नाही. गिगाबिट नीट असेल तर मोठ्या फाईलला ११० च्या आसपास दिसायला पाहिजे. २०१९ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं, त्यानंतर सर्वर वरच्या मजल्यावर नेताना जुन्याच केबलला जोड देऊन लांबवलेलं मी बघितलंय. घाईच तशी होती, समजू शकतो, पण तो जोड आता तरी बदला.

प्रोटोकॉल खऱ्या अर्थानं बदलला २००६ ला, विंडोज व्हिस्टाबरोबर. जुन्यात शंभरावर कमांड होत्या, एसएमबी २ मध्ये १९ राहिल्या, आणि एकामागोमाग मागण्या पाठवून ठेवायची सोय चांगली झाली. विंडोज ७ पासून एका मागणीत १ एमबीपर्यंत डेटा मागता यायला लागला, जुन्यात साधारण ६४ केबी मिळायचा. लांबच्या लाईनवर याचा फरक मोठा पडतो. समजा कारखाना शिरोलीत, ऑफिस पुण्यात आणि जाऊन यायला ३० मिलिसेकंद लागतायत, तर ६४ केबीच्या हिशोबानं सेकंदाला २ एमबीच्या आसपासच मिळणार, मग इंटरनेटचा प्लॅन कितीही भारी घ्या.

तरीही जुना नॅस किंवा स्कॅनर दिसेना म्हटलं की अजून सर्रास एसएमबी १, म्हणजे ती जुनी आवृत्ती, चालू करून देतात. कृपा करून हे करू नका. मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं त्यातलं भोक बुजवणारा अपडेट दिला, आणि ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्यातली लाखो मशीन मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर लॉक केली. डिझाईनच्या फाईल म्हणजे कारखान्याची वर्षांची कमाई असते, एका स्कॅनरसाठी ती पणाला लावायची का?

आणि ताजं कारण २०२४ चं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो, एंटरप्राइझसारख्या आवृत्त्यांत प्रत्येक पाकिटावर डिजिटल सही, म्हणजे वाटेत कुणी ते बदललं नाही याची खूण, मूळ सेटिंगमध्येच सक्तीची झाली. सुरक्षेला चांगलं आहे, पण जुन्या नॅसच्या छोट्या प्रोसेसरला ते झेपत नाही, त्यामुळं काल बरा चालणारा शेअर अपडेटनंतर अचानक रेंगाळतो, आणि पासवर्डशिवाय चालणारे गेस्ट शेअर तर उघडतच नाहीत. सही बंद करण्याआधी नॅसचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन आहे का बघा, त्याच्या सेटिंगमध्ये सगळ्यात वरची आवृत्ती एसएमबी ३ ठेवलीय का बघा, मग वर्कस्टेशनवर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून गेट-एसएमबीकनेक्शन (Get-SmbConnection) ही कमांड चालवा. डायलेक्टच्या, म्हणजे प्रोटोकॉलच्या आवृत्तीच्या, रकान्यात ३ नं सुरू होणारा आकडा आला तर प्रोटोकॉल ठीक आहे, मग केबल आणि डिस्ककडं वळा.