दंतोपचारापूर्वीचे तोंडी शामक औषध

दातांच्या उपचारांना घाबरणाऱ्या रुग्णाला आधी तोंडावाटे औषध देऊन त्याची भीती उतरवण्याची पद्धत. रुग्ण जागा असतो, सांगितले की तोंड उघडतो. नंतर त्यातले बरेचसे त्याला आठवत नाही. ही भूल नव्हे. हिरडीतले इंजेक्शन द्यावेच लागते, आणि ते कमी पडल्यामुळे रुग्ण चुळबुळ करू लागला तर जास्तीची गोळी देणे हा उपाय नाही.

प्रौढांना डायझेपाम 5 ते 10 मिग्रॅ. उपचाराच्या तासभर आधी देतात. ते शरीरात रेंगाळते. निम्मे उतरायलाच दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. उत्तर अमेरिकेत म्हणूनच लवकर उतरणारे ट्रायाझोलाम, बहुधा 0.25 मिग्रॅ., अधिक रूढ आहे. मुलांना मिडाझोलाम, दर किलो वजनामागे 0.25 ते 0.5 मिग्रॅ. ते फार कडू, म्हणून गोड सरबतातून पाजतात. मुलाने अर्धे थुंकले तर पोटात किती गेले ते कळत नाही. अशा वेळी पुन्हा न पाजता दुसरा दिवस ठरवणे उत्तम.

खरी अडचण मात्रेची आहे. शिरेतून औषध थोडेथोडे वाढवता येते, गिळलेले मागे घेता येत नाही. अर्ध्या तासात गुंगी आली नाही म्हणून दुसरी गोळी दिली, की दोन्ही एकदम चढतात. क्लॅरिथ्रोमायसिन (जिवाणूंवरचे प्रतिजैविक) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीवरचे औषध) चालू असेल तर ट्रायाझोलाम व मिडाझोलाम यकृतात नीट मोडत नाहीत आणि नेहमीचीच मात्रा भारी पडते. दारू आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके श्वास मंदावतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) किंवा गर्भारपण असल्यास हा मार्ग टाळावा.

बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवाच. खुर्चीत रुग्ण घोरू लागला तर त्याला गाढ झोप लागली असे समजू नये. श्वासमार्ग अडतो आहे. हाक मारावी, हनुवटी वर उचलावी, ऑक्सिजन द्यावा. उतारा म्हणून शिरेतून फ्लुमाझेनिल 0.2 मिग्रॅ. देतात, पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि गुंगी परतू शकते, त्यामुळे लगेच घरी सोडू नये.

भारतात डायझेपाम व मिडाझोलाम एच-1 अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. घरी न्यायला मोठे माणूस हवे, आणि 24 तास दुचाकीही चालवायची नाही. लहान मूल गाडीत झोपले, तर त्याची मान पुढे पडून श्वास कोंडू नये म्हणून चालकाखेरीज आणखी एक जण शेजारी बसलेला असावा.