पोटाच्या एमआरआयसाठी येताय? श्वासाची तयारी घरूनच करून या

गुडघ्याच्या एमआरआयला निवांत पडून राहिलं की झालं. पोटाचं तसं नाही. साध्या श्वासालाही छातीखालचा पडदा एक-दोन सेंटिमीटर वर-खाली होतो आणि यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडं त्याच्यासोबत सरकतात. एमआरआयचं चित्र क्षणात निघत नाही, ते सेकंदासेकंदाने जमत जातं. मधेच अवयव सरकला की कडा पुसट होतात, पोटाच्या भिंतीची सावली यकृतावर उमटते. अशा चित्रात लहानशी गाठ दिसायची राहून जाऊ शकते, आणि आम्हाला भीती तीच असते.

म्हणून मशीनमध्ये आवाज येईल, "श्वास घ्या, सोडा, आता थांबा." थांबायचं ते श्वास सोडल्यावर. पुष्कळजण छाती भरून घेऊन थांबतात. भरलेला श्वास दर खेपेला कमी-जास्त होतो, सोडल्यावर मात्र पडदा जवळपास त्याच जागी येतो. जोर लावून सगळी हवा काढू नका, नेहमीसारखा सोडा. 10 ते 20 सेकंद थांबावं लागतं, तेही अनेकदा. घरी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर दोन-तीन दिवस सराव केलात तर खूप सोपं जाईल.

शिरेतून औषध द्यायचं असेल तेव्हा सूचना अगदी वेळेवर पाळा. धमन्यांतून औषध यकृतात पोचतानाचं चित्र पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास घ्यावं लागतं. ती वेळ हुकली की लगेच पुन्हा घेता येत नाही.

दमा, खोकला किंवा वयामुळे श्वास थांबवणं जमत नसेल तर संकोच न करता आधी सांगा. यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या कितीतरी जणांना ते जमत नाही. मग पोटावर पट्टा बांधतो, आणि श्वास सोडून पोट स्थिरावलं की मशीन तेवढ्यात चित्र टिपतं. वेळ जास्त लागतो. तुम्ही फक्त एकसारखा श्वास घ्यायचा आणि झोपायचं नाही, कारण झोपेत लय बदलते.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तसं सांगा. "थांबा" हा शब्द आपल्या भाषेत कानावर पडला की माणूस बरोबर थांबतो.

पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर नंबर लावतानाच कळवा. मंगळसूत्र, जोडवी, पिना घरीच ठेवा. 4 ते 6 तास उपाशी यावं लागतं, म्हणून अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी, आणि मधुमेह असेल त्यांनी तर नक्कीच, सकाळची वेळ मागून घ्यावी.